नमुना तबकडीची दुसरी बाजू

४ मार्च, शनिवार. पोर्ट चामर्स

नायरी हो म्हणाली. एवढं एकच वाक्य लिहून वही मिटली असती तरी चाललं असतं, पण मग वही विकत कशाला आणली?

चाळीस वर्षं मी या बाईच्या मागे लागलोय, की रेकॉर्ड काढ. दर वेळी तिचं काहीतरी निघायचं. आधी लग्न, मग जुळी मुलं, मग आईचं आजारपण, मग "आता कोण ऐकणार आहे रे?" दरम्यान माझ्या टीचभर कंपनीने, टिन रूफने, डनीडिनमधल्या निम्म्या किणकिणत्या गिटारवाल्यांच्या तबकड्या काढल्या. जिच्यामुळे हा उद्योग सुरू केला तिची मात्र एकही नाही. आज ती दुकानात आली, ओले गमबूट दाराशी काढले आणि म्हणाली, "दहा गाणी झालीत. पण मंजुरी तू द्यायची. माझा माझ्या कानांवर भरवसा नाही, तुझ्या आहे."

"आणि माझ्यावर?" काउंटरमागून क्लेमने विचारलं. क्लेम तिचा ड्रमर. दुकानही त्याचंच. मी शनिवारी तिथे बसतो आणि नव्या रेकॉर्डींवर चिकटवायची चार-चार ओळींची शिफारशीची कार्डं लिहितो.

"तुझ्यावर कुणाचाच नाही," नायरी म्हणाली.

घरी येऊन रेविनला सांगितलं. रेविन माझी बायको. आठवड्यातले तीन दिवस पशुवैद्याकडे कुत्र्यामांजरांना धरून ठेवते, उरलेले चार दिवस मला. "आलं का शेवटी टिणटिण नशिबी," म्हणाली. या संगीताला ती पहिल्यापासून टिणटिणच म्हणते. मग मी तिला कपाटाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. कॉलेजात असताना आम्ही पाचजण एका गारठलेल्या घरात राहायचो. उबदार जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, टॉवेल वाळवायचं. एका दुपारी मला भिंतीतून बारा तारांची किणकिण ऐकू आली, आणि दार उघडतो तर आत टॉवेलांच्या गठ्ठ्यावर नायरी, मांडीत गिटार. तिच्या बँडचं नाव तिथूनच पडलं, हॉट वॉटर कबर्ड. रेविनही त्याच घरात राहायची, त्यामुळे गोष्ट तिला पाठ आहे. तरी तिने शेवटपर्यंत ऐकली आणि मग बटाटे सोलायला घेतले. चांगली बाई आहे.

१९ मार्च, रविवार

पुराकानुईच्या जुन्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग चालू आहे. लाकडी जमीन, पत्र्याचं छप्पर, समोर खाडी. नायरी गायला लागली की मला अजूनही कॉलरची बटणं लावून नीट बसावंसं वाटतं.

दुपारी एक गंमत. शेवटचं गाणं छान चाललं असताना नायरीने हात वर करून थांबवलं. म्हणे पक्ष्याचा आवाज येतोय माइकवर. मी म्हटलं, कुठला पक्षी? क्लेम आणि ती एकमेकांकडे बघून हसले. "राहू दे," क्लेम म्हणाला, "त्यालाही आपल्यात घेऊ, पैसे मागणार नाही." माझी फिरकी घेत होते झालं. दोघांचं वय साठीला आलं तरी शाळेतल्या मागच्या बाकावरची सवय जात नाही.

पक्ष्यांवरून आठवलं. यंदा आमच्या अंगणात कोरिमाको आलेच नाहीत. दर वर्षी पहाटे त्यांच्या घंटेसारख्या गाण्याने जाग यायची. शेजाऱ्यांनी नवी मांजर आणली आहे, तिचाच उद्योग असणार.

१ एप्रिल, शनिवार

ओमारूला लेस्टरकडे गेलो. त्याच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड कोरायचं ते जुनं यंत्र आहे. लाखेच्या तबकडीवर सुई फिरते, गाणं आत जातं आणि केसासारखा काळा धागा बाहेर निघतो, तो नळीने ओढून घ्यायचा. इतक्या वेळा पाहिलंय, तरी दर वेळी मी गप्प होतो. लेस्टर माझ्याशी हल्ली ओरडूनच बोलतो. यंत्रांच्या संगतीत राहून माणसाचं असं होतं.

कोरून झाल्यावर त्याने मला नेहमीप्रमाणे बाहेर हाकललं. टिन रूफची ही जुनी रीत आहे. गाणी संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर प्रत्येक बाजूला एकेक ओळ हाताने खरडायची. काय ते बँडने लेस्टरला सांगायचं, मी विचारायचं नाही. कारखान्यातून नमुन्याची तबकडी आली की भिंग घेऊन पहिल्या बाजूची ओळ वाचायची. दुसऱ्या बाजूची मी कधीच आधी वाचत नाही, ती प्रकाशनाच्या दिवसासाठी राखून ठेवतो. लहानपणी केकवरचं आयसिंग शेवटी खायचो, तसंच हे.

प्रकाशन ऑगस्टमध्ये, आमच्या गावच्या टाउन हॉलमध्ये. हॉल मिळाला. नायरीने तिच्या जुळ्यांना ऑस्ट्रेलियाहून बोलावलंय. मुलांनी आईला बाहेर गाताना कधी ऐकलेलंच नाही.

२९ एप्रिल, शनिवार

नवी किटली बिघडली. शिट्टीची म्हणून मुद्दाम घेतली होती, पाणी उकळून आटलं तरी हूं की चूं नाही. रेविन बागेतून धावत येऊन म्हणाली, "मर्डो, किटली!" ती तिथून कशी धावत आली कोण जाणे. परत करून टाकू म्हटलं तर म्हणाली, राहू दे.

दुकानात नव्या रेकॉर्डी आल्या. ग्लासगोच्या तीन बहिणींची पहिली, मेलबर्नच्या मिल्क टोकन्सची दुसरी, स्वीडनच्या कुठल्याशा गावातल्या शाळाशिक्षकांची एक. मुखपृष्ठं काय देखणी, गाणी काय गोड! पण एक दिसतंय. यंदा सगळ्यांच्याच गिटारी धुकट झाल्यात. तारांची ती वरची झिलई, पाण्यावरच्या उन्हासारखी, ती कुणालाच नको आहे. फॅशन असणार. ग्लासगोच्या कार्डावर मी लिहिलं, "उबदार, धुक्यातली, घोंगडी पांघरून ऐकण्याजोगी." क्लेमने कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. काही बोलला नाही. मी चांगलं लिहिलं की तो असाच गप्प होतो.

६ मे, शनिवार

नमुना आला! कारखान्याकडून पाच तबकड्या, पांढरी कोरी लेबलं, पांढरी पाकिटं. यातल्या एकीच्या लेबलवर मी सही करून पाठवली की विक्रीच्या छापायला घेतात.

आधी भिंग. पहिल्या बाजूवर लेस्टरने खरडलंय: "मर्डोला भिंतीतून ऐकू आलं." शेवटच्या अक्षराची शेपटी हात सटकून लेबलापर्यंत गेली आहे. मी खुर्चीत बसलो आणि जरा रडलो. नायरी ही अशी आहे. तोंडावर कधी धड बोलणार नाही.

मग सुई ठेवली.

काय लिहू? गाणी तीच, आवाज तिचाच. पण वर गोधडी टाकल्यासारखं वाटतंय. बारा तारांच्या जागी सहाच असाव्यात, आणि त्याही दमट. झांजा तर नाहीतच. खंजिरी वाजवल्याचं मला आठवतंय, मी स्वतः बघितलंय वाजवताना, ती गेली कुठे? कारखान्याने घोळ घातलाय. नक्कीच.

१० मे, बुधवार

सुई बदलली, स्पीकरच्या तारा बदलल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, सोफ्यावरच्या उशा बाहेर काढल्या. फरक शून्य. ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे जरा जान आली. आमची मांजर मात्र खोलीत थांबेना. रेविन म्हणाली, मी जरा फिरून येते. बाहेर चांगलाच पाऊस होता.

लेस्टरला फोन केला. "वरचा आवाज वाढवून पुन्हा कोर," म्हटलं.

"आणखी?" तो म्हणाला. "मर्डो, त्यात भरपूर आहे."

"कारखान्यात मेला असेल."

लेस्टर म्हणाला, "बघतो. रेविन कशी आहे? तिला दे जरा फोन." या दोघांचं कुत्र्याच्या जंतांवरून नेहमी काहीतरी चाललेलं असतं. ती फोन घेऊन बाहेर गेली.

२१ मे, रविवार

नायरी आली, चीज रोल घेऊन. अजून गरम होते, लोणी हातावर ओघळत होतं. तिला नमुना ऐकवला, ट्रेबल पूर्ण चढवून, कारण निदान अंदाज यावा की मला काय हवंय.

पहिलंच गाणं सुरू झालं आणि तिने डोळे मिटले. खांदे वर गेले. दोन गाण्यांनंतर मी थांबवलं.

"असं हवंय," मी म्हटलं. "नुसतं बटणाने नाही, कोरूनच."

"तुला असं ऐकू यायला हवंय?"

"तुला नाही आवडत?"

ती हाताला लागलेलं लोणी पुसत राहिली. "मला मूळचं बरं वाटलं होतं, मर्डो. घरी ऐकलं मी."

"तू भिडस्त आहेस म्हणून. थोडक्यात समाधान मानायची खोडच आहे तुझी."

"असेल," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय. मंजुरी तुझी. तू नसतास तर मी त्या कपाटातच राहिले असते." डोळे पाणावले होते तिचे. भरून आलं असणार, इतक्या वर्षांनी स्वतःचं गाणं रेकॉर्डवर. रेविन स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

रेविन हल्ली बोलतेही तोंडातल्या तोंडात. बोलायचं नाही म्हटलं, वय आहे.

१ जून, गुरुवार

लेस्टरने कमाल केली. नवा नमुना आलासुद्धा! कारखाना रिकामा बसला असावा, एरवी महिनोन्महिने लावतात. पुन्हा पांढरं लेबल, पांढरं पाकीट. ओळ तीच खरडली आहे. आणि काय हात आहे त्या माणसाचा! दुसऱ्यांदा लिहितानाही शेपटी तश्शीच सटकवून लेबलापर्यंत नेली आहे, हुबेहूब. याला म्हणतात कारागीर.

आवाजात मात्र काडीचा फरक नाही. गोधडी ती गोधडी.

८ जून, गुरुवार

लेस्टर म्हणतो, तिसऱ्यांदा करणार नाही. "मर्डो, माझं ऐक. रेकॉर्ड सुंदर आहे. सही कर आणि मोकळा हो." मीही मग ताडताड बोललो. वाईट वाटतंय. तीस वर्षांची मैत्री आहे.

पण मला नायरीचं बघायला हवं. आयुष्यात एक रेकॉर्ड होतेय तिची, आणि ती मिणमिणती निघाली तर तोंड दाखवायला जागा नाही मला. मेलबर्नमध्ये एकजण आहे, कुणाचं काही ऐकत नाही, सांगाल ते करतो. त्याला लिहिलं. शुक्रवारी, सोळा तारखेला, तो यंत्र मोकळं ठेवणार आहे. मूळ ध्वनिफीत पाठवायची आणि सूचना द्यायची की तारांचा वरचा आवाज मनसोक्त वाढवा. एकदा त्याने कोरलं की कारखाना त्यावरूनच छापेल. मागे फिरणं नाही.

नायरीला कळवलं. तिचं उत्तर: "ठीक."

रेविनला सांगितलं. ती टेबलापाशी उभी होती, तिने खुर्ची ओढली आणि बसली. "त्याने खरंच तसं कोरलं तर?" असं म्हणाली. म्हणजे काय, मी म्हटलं, त्यासाठीच तर देतोय.

१५ जून, गुरुवार

दुपारी रेविनने मला बाहीला धरून अंगणात नेलं. कामावरचा कोटही काढला नव्हता तिने. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा; झाडाची पानं केव्हाच गळली आहेत, उघड्या फांदीला तिने पक्ष्यांसाठी साखरपाण्याची बशी टांगली आहे. बशीच्या कडेवर एक कोरिमाको. हात लांब केला असता तर लागला असता.

"आले की!" मी म्हटलं. "मांजराने खाल्ले नाहीत तर."

"श्श. बघ."

तो चोच उघडत होता, मिटत होता. गळ्याची हिरवी पिसं फुलत होती, शेपटी हलत होती. सगळं अंग लावून तो काहीतरी करत होता. आणि कुठलाही आवाज नव्हता. बंदरावरच्या क्रेनची घरघर तेवढी येत होती.

"काय करतोय?" मी विचारलं.

"गातोय."

माणसाचं डोकं किती लबाड असतं ते आज कळलं. मी लगेच म्हटलं, "तूई पक्ष्याचं असतं ना तसं. माणसाला ऐकूच येत नाहीत असे सूर असतात त्यांचे. मोजलंय शास्त्रज्ञांनी."

रेविनने माझी बाही सोडली नाही. "हा तूई नाही, मर्डो. आणि मला ऐकू येतंय."

पक्षी बराच वेळ गात राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. नंतर तो उडून गेला, तेव्हा रेविन म्हणाली, "किटलीही वाजते. रोज वाजते."

१६ जून, शुक्रवार

मेलबर्नला काही पाठवलं नाही.

डनीडिनला कानाच्या तपासणीला गेलो. रेविनने वेळ आधीच घेऊन ठेवली होती. किती आधी, ते मी विचारलं नाही. तपासणारी बाई सिना म्हणून, सामोअन, हसरी. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाब म्हणाली. मी बसून राहिलो. मग तिने कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग एकदम दरीत.

"गाणी ऐकता का?" तिने विचारलं.

"तेच तर करतो," मी म्हटलं.

"गिटारीच्या तारा, झांजा, खंजिरी, पक्षी, बायकांच्या बोलण्यातली शेवटची अक्षरं, सगळं इथे असतं." तिने बोट दरीवर ठेवलं. रेविन शेजारी बसून माझा कोट मांडीवर घेऊन होती. ती तोंडातल्या तोंडात बोलते असं मी या वहीत लिहिलंय.

२४ जून, शनिवार

आठवडाभर कुणाशी बोललो नाही. आज दुकानात गेलो ते फक्त क्लेमला सांगायला, की शनिवारी दुसरं कुणी बघ.

ग्लासगोच्या बहिणींची रेकॉर्ड समोरच होती. तिच्यावर माझं कार्ड, माझ्याच अक्षरात. "उबदार, ताज्या तारांची, खिडकी उघडून ऐकण्याजोगी." मी असं लिहिलं नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं तर क्लेमने माझं अक्षर गिरवलं होतं. बाकीची कार्डं पाहिली. यंदाची सगळीच.

"किती दिवस?" मी विचारलं.

"नाताळापासून असेल," क्लेम म्हणाला. जवळ येऊन, तोंड माझ्याकडे करून बोलत होता. असंच बोलतो तो हल्ली, मी समजायचो त्याला एकटं वाटतं. "तुझी कार्डं वाचून लोक रेकॉर्डी नेतात रे. एक-दोन शब्द बदलले की झालं. चव तुझीच असते, मीठ तेवढं मी घालायचो."

"आणि लेस्टर?"

क्लेमने डोकं खाजवलं. "त्याने दुसऱ्यांदा कोरलंच नाही. तुझ्या पाचातली एक रेविनने त्याला परत पाठवली, त्याने नव्या पाकिटात घालून तुला. त्याला वाटलं तू ओळखशील."

ओळखलं नाही. शेपटीचं कौतुक केलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी बराच वेळ बसलो. आधी चिडलो. सगळे मिळून मला फसवत होते, म्हातारा झाला म्हणून. मग हिशोब लागेना. फसवून त्यांना मिळालं काय? क्लेमला दर आठवड्याला दुप्पट लिहावं लागलं, लेस्टरने माझ्या शिव्या खाल्ल्या, रेविन पावसात भटकली. आणि नायरी तर तिचं एकुलतं एक काम माझ्या हातून खराब होऊ द्यायला तयार झाली होती, मला दुखवायला नको म्हणून. तिला तर लेस्टरचं पाकीटही माहीत नव्हतं. "ठीक" एवढंच लिहिलं होतं तिने.

क्लेमने चहा आणून दिला. शनिवारी दुसरं कुणी बघ हे सांगायचं राहूनच गेलं.

२ जुलै, रविवार

यंत्रं मिळाली, कानामागे लावायची. जग भयंकर आवाज करतं! पिशव्या, पायांखालची खडी, माझा स्वतःचा कोट. मांजर चालली की ऐकू येते. सिना म्हणाली, सवय होईल, आणि गाण्यांसाठी वेगळी सोय करून दिली आहे, पण पूर्वीसारखं होईल अशी आशा धरू नका. बरं झालं तिने स्पष्ट सांगितलं.

नायरीला फोन केला. म्हटलं, तुझी रेकॉर्ड मी बिघडवणार होतो.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग थांबवलं का नाहीस, बये?"

"तू मला कधी थांबवलंस का?" ती म्हणाली. "मंजुरी अजून तुझीच आहे, मर्डो. शब्द आहे माझा. कुणाच्या कानांनी देतोस ते तू बघ."

८ जुलै, शनिवार

आज रेविनला सुट्टी. तिला गाण्याच्या खोलीतल्या माझ्या खुर्चीत बसवलं. ट्रेबलचं बटण मध्यावर आणलं. नमुना लावला, पहिली बाजू नाही, दुसरी, कारण ती मी धड ऐकलीच नव्हती. पहिलीवरच भांडत बसलो होतो.

"आता तू सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? टिणटिण आहे."

"रेविन."

"बरं." तिने चष्मा काढला, डोळे मिटले. "नुसत्या बारा तारा आहेत. एकदम सुरू नाही केलं तिने, आधी वरच्या तारा नुसत्या चाचपून बघितल्या. चमचे खुळखुळावेत तशा. आता बास गिटार आली. क्लेम घाई करतोय. तो नेहमीच या जागी घाई करतो, तुझ्या पहिल्या रेकॉर्डपासून करतोय, मी सांगितलं नाही कधी. थांब, खंजिरी आली. डावीकडे, लांब. दुसऱ्या कडव्यात ती गप्प होते, आणि तेव्हाच कळतं की होती."

मी ऐकत होतो. यंत्रांतून काही काही येत होतं. तारा पत्र्यासारख्या वाजत होत्या, पण ती म्हणाली चमचे, की मला चमचे सापडत होते. खंजिरी तिने दाखवली म्हणून मिळाली.

"तुला हे सगळं कधी कळायला लागलं?" मी विचारलं.

"इतकी वर्षं भिंतीपलीकडे कोण राहतं असं वाटलं तुला?"

शेवटचं गाणं आलं. ती काहीच बोलेना. मी म्हटलं, सांग ना. तिने बोट वर केलं. "आता." आणि गाण्याच्या अगदी टोकाला, नायरीचा आवाज विरल्यावर, बारीक, लांब, एक घंटा वाजली. मग आणखी एक. पुराकानुईचा तो पक्षी. क्लेमने खरंच ठेवला होता. आणि मला ऐकू आला.

मी तिचा हात धरून बसलो. सुई लेबलाजवळ फिरत राहिली, ठक, ठक. मी कृतज्ञ आहे, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. रेविनचा, क्लेमचा, त्या ओरडणाऱ्या लेस्टरचा, नायरीचा. माझे कान गेले तेव्हा या चौघांनी गाजावाजा न करता आपापले आणून दिले, आणि मी गुरकावत राहिलो.

मग मी पेन काढलं. "सही तू कर," म्हटलं. "रेकॉर्ड ठीक आहे ना?"

"सुंदर आहे."

"मग कर. पण मंजूर करणाऱ्याने दोन्ही बाजू वाचायला हव्यात." आणि रीत मोडून मी तिला भिंग दिलं.

तिने तबकडी खिडकीकडे तिरपी धरली आणि दुसऱ्या बाजूची ओळ वाचली. वाचून तबकडी खाली ठेवली. "तू नको वाचूस. प्रकाशनाला वाच," म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षांत मी या बाईला लाजताना दोनदा पाहिलं असेल. मी भिंग हिसकावलं.

लेस्टरच्या अक्षरात, यावेळी हात न सटकता: "रेविनला त्याच्या आधी."

मी भिंग खाली ठेवलं.

"टॉवेल काढायला गेले होते," ती म्हणाली. "दार उघडलं तर ही आत. म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी दार लावलं आणि बाहेर जमिनीवर बसून ऐकत राहिले, सगळं. मग तुला सांगितलं की कपाटातून काहीतरी आवाज येतोय, जरा बघ. तुझी गिटार होती, तुझी मित्रमंडळी होती. मला वाटलं तू तिच्यासाठी काहीतरी करशील. केलंसही."

"मग इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगतोय, तू एकदाही बोलली नाहीस?"

"तू छान सांगतोस," रेविन म्हणाली. पेन उघडून तिने पांढऱ्या लेबलवर सही केली, शाळेतल्यासारखी, नाव पूर्ण, आणि शाई वाळायला फुंकर घातली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी झाली. रेविन उठायला लागली, पण तिच्या आधी मी उठलो होतो.